भावोजींची तहान

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, सलून चालवतात. दुकानात तीन खुर्च्या. एकीवर गिऱ्हाईक, दुसरीवर वाट बघणारं गिऱ्हाईक, तिसरीवर वाळत टाकलेले टॉवेल, अशी वर्षानुवर्षांची वाटणी. हात पिसासारखा हलका, तोंडाला मात्र विसावा नाही. कुणाची सून कुठे नोकरीला लागली, कुणाच्या कुत्र्याने कुणाची चप्पल पळवली, सगळं आधी भावोजींना कळतं. ज्याला ना दाढी करायची ना केस कापायचे, तोही घटकाभर टेकून जातो.

मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आहे. सव्वीस वर्षं रक्त, लघवी आणि थुंकी तपासते. जेवताना घरातलं कुणी मला "आज कामावर काय झालं?" असं विचारत नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

दोन वर्षांपूर्वी दुकानातली ट्यूबलाइट बदलायला भावोजी स्टुलावर चढले. स्टूल सरकलं आणि बेसिनच्या कडेवर डोकं आपटून ते खाली आले. पाच टाके पडले. दोन दिवस घरी पडून राहिले, तिसऱ्या दिवशी पट्टीसकट दुकान उघडलं आणि जो येईल त्याला पडण्याची गोष्ट सांगू लागले. दर आठवड्याला त्या स्टुलाची उंची वाढत होती. टाके निघाले, केस वाढले, विषय संपला.

मग त्यांना तहान लागायला लागली.

आधी कुणाच्या लक्षातही आलं नाही. माणूस पाणी पितो, त्यात काय पाहायचं? पण भावोजी तांब्यावरून बाटलीवर आणि बाटलीवरून वीस लिटरच्या जारवर आले. त्यातही साधं पाणी चालेना, बर्फासारखं गार हवं. दुकानात बर्फाचा डबा आला. एका गिऱ्हाइकाचे केस भिजवताना ते मध्येच थांबून स्वतः घटाघट पाणी प्यायचे. गल्लीने त्यांचं नाव "टाकी" ठेवलं. "टाकीकडे जाऊन येतो," असं म्हणत लोक दाढीला यायचे.

आत गेलेलं पाणी बाहेर येणारच. दुकानाला संडास नाही. गल्लीच्या टोकाला सार्वजनिक स्वच्छतागृह आहे, जायला-यायला पाच मिनिटं. पूर्वी भावोजी तिथे दिवसातून दोनदा जायचे, आता दर अर्ध्या तासाला. वस्तरा खाली ठेवायचा, "आलोच" म्हणायचं आणि सुटायचं. गिऱ्हाईक बिचारं एका गालावर वाळत चाललेला साबण घेऊन आरशातल्या स्वतःकडे बघत बसायचं. सरावलेली मंडळी येताना वर्तमानपत्र घेऊन यायला लागली. नवखी मात्र परत आली नाहीत.

त्यांच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांत एक निवृत्त हेडमास्तर होते. करडी शिस्त, करडी मिशी. एका सकाळी भावोजींनी त्यांची डावी मिशी कोरली आणि उजवीला हात लावणार तोच त्यांना निघावं लागलं. नेमकी तेव्हाच हेडमास्तरांची एक जुनी विद्यार्थिनी नवऱ्याला घेऊन दुकानासमोरून चालली होती. ती आत आली, वाकून नमस्कार केला, नवऱ्याची ओळख करून दिली. हेडमास्तरांनी सगळा वेळ तोंडाच्या उजव्या बाजूला रुमाल धरून आशीर्वाद दिले.

भावोजी परत आले तेव्हा हेडमास्तर उभे होते.

"मिशी ठेवायची तर पूर्ण ठेवा, काढायची तर पूर्ण काढा," ते म्हणाले. "तुमच्या मूत्राशयाच्या वेळापत्रकावर माझी अब्रू टांगून ठेवू नका. आधी तब्येत दाखवून या, मगच माझ्या तोंडाला हात लावा."

भावोजींना हे लागलं. घरी येऊन त्यांनी ताईला सांगितलं. ताई तर कधीपासून वाट बघत होती, कारण रात्री पाच-सहा वेळा दिवा लागायचा आणि तिची झोप मोडायची.

"साखर आहे," ताईने निदान केलं. गल्लीचंही तेच मत होतं. साखरेचा डबा माळ्यावर गेला. भावोजी महिनाभर फिका चहा प्यायले. कुणी कडू रस सांगितला, कुणी पहाटे अनवाणी उलटं चालायला सांगितलं. ते उलटे चालत असतानाही दोनदा स्वच्छतागृहात जाऊन आले. तहान होती तिथेच.

शेवटी ताईचा मला फोन आला. "तू एवढी तपासतेस जगाची. घरातल्या माणसाची कधी तपासणार?"

दुसऱ्या दिवशी भावोजींनी एका बाटलीत नमुना पाठवला. मी बाटली उजेडात धरली आणि मला हसूच आलं. काचेसारखं स्वच्छ. रंग नाही, वास नाही. साखर तपासली, अजिबात नाही. गाढपणा पाहिला, तर नळाच्या पाण्यापेक्षा जेमतेम एक काडी जास्त. मी दुपारच्या सुट्टीत फोन लावला.

"भावोजी, कंटाळा आला म्हणून नळाखाली बाटली धरलीत का?"

"काय बोलतेस! मी स्वतः..." ते रागावले, आणि मग दुकानात गिऱ्हाईक आहे हे आठवून आवाज खाली आला. "माझाच माल आहे तो."

"मग उद्या इथे या. माझ्यासमोर द्या. म्हणजे, दाराबाहेर मी उभी राहते."

ते आले. मी दाराबाहेर उभी राहिले. सव्वीस वर्षांत असा पहारा कधी दिला नव्हता. त्यांनी बाटली हातात ठेवली, ती कोमट होती आणि आतलं तसंच, स्वच्छ पाणी. माझी थट्टा तिथेच संपली. आजारी किडनीची लघवी कधी फेसाळ असते, कधी तांबूस. ही तर जणू किडनीला वाटेत काही करायचंच सुचलं नव्हतं.

मी त्यांना तशीच वरच्या मजल्यावर किडनीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्या तरुण आहेत, भराभर बोलतात आणि ऐकतात मात्र सावकाश. त्यांनी आधी दोन दिवस घरी लघवी मोजायला सांगितलं. ताईने पाच लिटरचे दोन कॅन आणले आणि बाथरूमच्या दारावर कागद चिकटवला. चोवीस तासांचा आकडा आला अकरा लिटर. ताईने तो आकडा मला फोनवर इतक्या हळू सांगितला की जणू काही चोरी सापडली होती.

"आता प्रश्न असा," पुढच्या भेटीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही पाणी पिता म्हणून एवढी होते, की एवढी होते म्हणून तुम्ही पिता?"

"मी तेच म्हणते!" ताई पुढे सरसावली. "कमी प्या म्हटलं तर ऐकत नाहीत."

"तेच बघू. एक दिवस पाणी बंद करून इथे बसवू. दर तासाला वजन, दर तासाला लघवी. आणि डोक्याला कधी मार लागला होता का?"

भावोजींनी मान हलवली, नाही म्हणून. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. अख्ख्या गल्लीला ऐकवलेली ट्यूबलाइटची गोष्ट त्यांना नेमकी इथे आठवली नाही. मी सांगितली, स्टुलाच्या मूळ उंचीसकट. डॉक्टरीणबाईंनी 'डोक्याला मार' असं लिहून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

चाचणीच्या दिवशी भावोजी सकाळी सातला हजर झाले. सोबत कामाची पेटी.

"ही कशाला?" वॉर्डातल्या मुख्य नर्सबाईंनी विचारलं. सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणतात आणि त्यांच्यासमोर डॉक्टरही शर्टाची बटणं नीट लावतात.

"दिवसभर नुसतं बसून मी वेडा होईन. कुणाचे केस वाढलेत का बघतो."

वस्तऱ्याला सिस्टरनी साफ नकार दिला, कात्री आणि कंगव्याला परवानगी दिली. समोरच्या खाटेवरचे आजोबा दीड महिना तिथे होते, त्यांचे केस कानांवर आले होते. भावोजींनी त्यांच्या गळ्याभोवती चादर गुंडाळली आणि पाण्याची फवाऱ्याची बाटली हातात घेतली. तेवढ्यात सिस्टरनी ती काढून घेतली.

"पाणी तुमच्या हातात नको."

"अहो, केस भिजवायचेत. साबणाचं पाणी आहे त्यात. ते प्यायला मी काय वेडा आहे?"

"आता नाही. चार तासांनी असाल."

मग अशी तडजोड झाली की भावोजी कात्री चालवणार आणि "सिस्टर, मागून जरा," म्हटलं की मोठ्या सिस्टर आजोबांच्या मानेवर फवारा मारणार. दहा वाजेपर्यंत तीन डोकी झाली. सगळा वॉर्ड खूश होता. मी दर तासाला खाली जाऊन त्यांचा नमुना यंत्रात टाकत होते. रक्ताचा गाढपणा साधारण तीनशेच्या आसपास असतो. पाणी न मिळालेल्या धडधाकट माणसाची लघवी त्या दिवशी आठशे-नऊशेपर्यंत जायला हवी. भावोजींचा आकडा सातला चौऱ्याऐंशी, नऊला नव्वद, अकराला शहाण्णव. वजन मात्र तासातासाला उतरत होतं. पाणी आत जात नव्हतं तरी बाहेर पडत होतं.

अकराला मी वर गेले तेव्हा ते खाटेवर बसले होते. ओठ कोरडे पडलेले. नजर सिस्टरच्या टेबलावरच्या फुलदाणीवर.

"त्या फुलांना किती पाणी लागत असेल गं?" त्यांनी विचारलं.

मी फुलदाणी उचलून बाहेर ठेवली आणि त्यांच्याजवळ बसले. त्यांचं मन दुसरीकडे लावायचं म्हणून केसातली पिन काढली.

"हे बघा. किडनीत अशा लाखो नळ्या असतात. रक्त गाळून दिवसाला जवळजवळ एकशे ऐंशी लिटर पाणी त्यांत उतरतं."

"एकशे ऐंशी?" त्यांचा आवाज घोगरा झाला होता. "मग माझे अकरा म्हणजे काहीच नाही."

"बाकीचं परत रक्तात जातं. आता ही नळी पिनेसारखी खाली जाते, वळते आणि वर येते. वर येणारी बाजू आतलं मीठ बाहेर फेकते, पण पाण्याला सोडत नाही. खाली जाणारी बाजू पाण्याला सोडते. असं सतत चालतं, त्यामुळे किडनीच्या आतल्या भागात जसं खोल जावं तसं खारट होत जातं. तळाशी तर रक्ताच्या चौपट."

"खारट कशाला हवं?"

"काकडीला मीठ लावलं की काय होतं?"

"पाणी सुटतं."

"तसंच. शेवटची नळी, जिच्यातून लघवी बाहेर निघते, ती याच खारट भागातून खाली जाते. तिच्या भिंतीला बारीक दारं असतात. मेंदूतून निरोप आला की दारं उघडतात आणि बाहेरचा खारटपणा आतलं पाणी ओढून घेतो. ते रक्तात परत जातं. उरते ती घट्ट, पिवळी लघवी. निरोप आलाच नाही तर दारं बंद. पाणी सरळ बाहेर."

भावोजींनी माझ्या हातातली पिन घेतली. "म्हणजे माझा निरोप्या पळाला."

"बहुतेक. आज तेच कळेल."

साडेबाराला ते बोलायचे थांबले. एका आजींनी केस कापायला विचारलं तर त्यांनी नुसता हात हलवला. भावोजी गप्प बसलेत म्हटल्यावर ताईच्या तोंडचं पाणी पळालं. मी वजन बघितलं, सव्वादोन किलो कमी. रक्ताचा आकडा वर सरकलेला, लघवीचा अजून अठ्ठ्याण्णव. डॉक्टरीणबाईंनी चाचणी थांबवली आणि त्या निरोपाच्याच रसायनाचं इंजेक्शन दिलं. मग पाणी दिलं, मोजून, थोडं थोडं. पहिला पेला तोंडाला लावताना भावोजींनी डोळे मिटले. मोठ्या सिस्टर तोंड फिरवून उगाच चादरी मोजत होत्या.

अडीचला नमुना आला तो दोनशे चाळीस. मी यंत्र पुसून पुन्हा मोजला, तेवढाच. साडेतीनला ताईच खाली आली, बाटली पदराखाली झाकून. तिने ती माझ्यासमोर ठेवली.

"बघ की," ती म्हणाली.

फिकट पिवळी होती. सव्वीस वर्षांत किती पिवळ्या बाटल्या पाहिल्या असतील त्याची गणती नाही, पण ही मी दोनदा उजेडात धरून बघितली. आकडा तीनशे बहात्तर. मी लिफ्टची वाट न बघता तीन जिने चढून गेले आणि दारातूनच ओरडले, "पिवळी आली!" वॉर्डात टाळ्या वाजल्या. ज्या आजोबांचे केस कापले होते त्यांना काय झालं हे कळलं नव्हतं, तेही वाजवत होते.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. किडन्या ठणठणीत होत्या. डोकं आपटलं तेव्हा मेंदूच्या तळाशी जिथून हा निरोप सुटतो तिथे इजा झाली होती. नंतर काढलेल्या डोक्याच्या फोटोतही ते दिसलं. गेलेली वस्तू परत येईलच असं नाही, पण नाकात फवारायचं औषध मिळतं, दिवसातून दोनदा.

"पण आकडा आठशेवर का गेला नाही?" मी विचारलं. मला तेच खटकत होतं. कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटत होतं.

"कारण इतके महिने अकरा-अकरा लिटर पाण्याने त्यांच्या किडनीच्या आतला खारटपणा धुऊन नेलाय," त्या म्हणाल्या. "दारं उघडली, पण बाहेर पाणी ओढायला माल कमी. त्यातला जवळजवळ अर्धा माल युरियाचा असतो."

"युरिया?" भावोजी पाण्याचा पेला खाली ठेवून म्हणाले. "शेतात टाकतात तो?"

"तोच. आपण डाळ, अंडी, दूध खातो, त्यातून शरीरात युरिया तयार होतो. टाकाऊच आहे. पण किडनी सगळा टाकत नाही. शेवटच्या नळीच्या तळाशी थोडा बाहेर झिरपू देते, तो आतल्या भागात साठतो, थोडा पुन्हा नळीत शिरतो, पुन्हा फिरून तिथेच येतो. त्या साठ्याच्या जोरावर पाणी ओढलं जातं."

"म्हणजे टाकाऊ मालालासुद्धा कामाला लावते."

"हो. नीट जेवा, औषध घ्या. आठवड्यात साठा भरेल."

ताईने त्या आठवड्यात त्यांना इतकी अंडी खायला घातली की भावोजी म्हणाले, आता मी आरवेन. साखरेचा डबाही माळ्यावरून खाली आला, महिनाभराच्या अन्यायाची भरपाई म्हणून चहात दोन चमचे.

एक चूक मात्र झाली. तहान गेली, पण हाताची सवय गेली नाही. चौथ्या दिवशी कात्री एका हातात आणि बाटली दुसऱ्या हातात, असं त्यांनी सकाळपासून चार लिटर रिचवलं. दुपारी डोकं ठणकायला लागलं, मळमळायला लागलं. त्यांनी मला फोन केला आणि मी त्यांना तडक बोलावून रक्त काढलं. सोडियम खाली आलं होतं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवून कान उपटले: आता दारं उघडी आहेत, प्यालेलं पाणी आतच राहणार, तहान लागली तरच प्यायचं. भावोजींनी मान खाली घालून ऐकलं. संध्याकाळी ताईने दुकानातला जार उचलला आणि शेजारच्या शिंप्याला देऊन टाकला.

आठव्या दिवशी आकडा आला सातशे बेचाळीस. तो कागद त्यांनी माझ्याकडून मागून घेतला.

औषधाची कुपी आता दुकानात नेमक्या जागी असते. सकाळी आठला एकदा, रात्री आठला एकदा. आठवड्यातून एक दिवस ते डोस थोडा उशिरा घेतात, साठलेलं जास्तीचं पाणी निघून जावं म्हणून, आणि त्या दिवशी दुकान उशिरा उघडतं. हेडमास्तर परत आले. पहिल्या दिवशी ते हातात घड्याळ धरून बसले होते. दाढी, मिशी, मानेवरचे केस, सगळं एका बैठकीत झालं. त्यांनी घड्याळ खिशात ठेवलं आणि विचारलं, "नेमकं काय झालं होतं तुम्हाला?"

तिथून भावोजींना नवा विषय मिळाला. कंगवा वाकवून ते नळी दाखवतात, मीठ सांगतात, काकडी सांगतात, आणि युरियावर आले की त्यांचा आवाज चढतो, जणू तो त्यांचा सख्खा भाचा आहे. आकडे वाढवून सांगायची खोड आहेच. परवा मी गेले तेव्हा एकशे ऐंशी लिटरचे तीनशे झाले होते. मी आरशातून डोळे वटारले, तसे दोनशेवर उतरले.

गेल्या महिन्यात ताई आणि ते सिनेमाला गेले. दोन वर्षांत पहिल्यांदाच, आणि मधली खुर्ची मागून घेतली, कडेची नको म्हणाले. सिनेमा सुरू झाल्यावर वीस मिनिटांत भावोजींना झोप लागली ती दिवे लागेपर्यंत.

"तिकिटं वाया घालवलीत," ताई बाहेर आल्यावर म्हणाली.

"वाया कशी?" ते आळस देत म्हणाले. "अडीच तास एका जागी बसलो की."